प्रसंगावधान (बास्केटबॉल)

बास्केटबॉलमधील प्रसंगावधान म्हणजे समोरच्या बचावाची स्थिती ओळखून, त्या क्षणी उपलब्ध असलेल्या पर्यायांपैकी योग्य पर्याय निवडण्याची आणि स्वतःसाठी किंवा सहकाऱ्यासाठी गुणाची संधी निर्माण करण्याची खेळाडूची क्षमता होय. ड्रिबल करणे, पास देणे, नेम साधणे ही या खेळाची कौशल्ये सुटी सुटी शिकविता येतात. ती केव्हा, कोठे आणि कोणासाठी वापरायची हे मात्र प्रत्यक्ष खेळातच ठरते. शालेय वयातील खेळाडूंना हे ठरविणे शिकविता येते काय आणि येत असल्यास कसे, हा बास्केटबॉल प्रशिक्षणातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार प्रामुख्याने महाराष्ट्रातील शाळांच्या संदर्भात केला असून, उदाहरणादाखल सातारा जिल्ह्यातील पाचगणी या निवासी शाळांच्या गावाची परिस्थिती विचारात घेतली आहे.

संज्ञा

या क्षमतेसाठी मैदानावर मराठीत एकच एक रूढ शब्द नाही. ‘गेम वाचणे’, ‘डोके चालविणे’, ‘चाल तयार करणे’ असे शब्दप्रयोग ऐकू येतात. ‘प्रसंगावधान’ या सामासिक शब्दात प्रसंग आणि अवधान अशी दोन पदे आहेत व ती दोन्ही येथे लागू पडतात. अवधान म्हणजे लक्ष. एकाच वेळी अनेक गोष्टींकडे लक्ष पुरविणाऱ्यास अष्टावधानी म्हणतात. चेंडू हातात असलेल्या खेळाडूला चार सहकारी, पाच प्रतिस्पर्धी, रिंग आणि घड्याळ यांचे भान ठेवावे लागते, म्हणजे अष्टावधानाच्याही पुढची पायरी गाठावी लागते. ‘सावधान’ हा शब्द याच कुळातला. शाळेच्या कवायतीत मात्र त्याचा अर्थ टाचा जुळवून निश्चल उभे राहणे असा होऊन बसला आहे, आणि बास्केटबॉलमध्ये जे हवे ते नेमके याच्या उलट आहे.

या लेखात आणखी दोन संज्ञा वापरल्या आहेत. प्रशिक्षकाने आधी आखून दिलेल्या हालचालींच्या मालिकेस ‘ठरीव चाल’ म्हटले आहे. एखादा बचावपटू मागे पडल्यामुळे, तोल गेल्यामुळे किंवा दुसऱ्याच्या मदतीस धावल्यामुळे आक्रमण करणाऱ्या संघास जो क्षणिक लाभ मिळतो, त्यास ‘वरचढ स्थिती’ म्हटले आहे. चाल घडविणे म्हणजे अशी वरचढ स्थिती निर्माण करणे, ती ओळखणे आणि बचाव सावरण्यापूर्वी तिचा उपयोग करून घेणे.

पार्श्वभूमी

बास्केटबॉलचा जन्म डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे झाला. तेथील वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत शारीरिक शिक्षण शिकविणारे जेम्स नेस्मिथ यांच्याकडे १८ विद्यार्थ्यांचा एक वर्ग होता. हिवाळ्यामुळे बाहेर खेळणे अशक्य होते आणि सभागृहातील कवायतीस विद्यार्थी कंटाळले होते. नेस्मिथ यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला १० फूट उंचीवर ठोकल्या, नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले आणि १३ नियम लिहून लावले. ही उंची, म्हणजे ३.०५ मीटर, आजही कायम आहे.

मूळ नियमांनुसार चेंडू घेऊन पळता येत नसे. जेथे चेंडू पकडला तेथूनच तो फेकावा लागे. ड्रिबल हा प्रकार नंतर विकसित झाला. म्हणजे आरंभीचा बास्केटबॉल हा जागेवर थांबून पाहण्याचा, मोकळा सहकारी शोधण्याचा आणि चेंडू नसलेल्यांनी सतत जागा बदलण्याचा खेळ होता. आज अनेक प्रशिक्षक ‘ड्रिबल न करता खेळा’ असा सराव देतात तेव्हा ते नकळत नेस्मिथ यांच्या वर्गाकडेच परतत असतात.

भारतात हा खेळ वायएमसीएच्या माध्यमातून पसरला. १९२० साली हॅरी क्रो बक यांनी मद्रास येथे वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले आणि तेथून शिकून गेलेल्या शिक्षकांनी तो देशभरातील शाळांत नेला. भारतीय बास्केटबॉल महासंघाची स्थापना १९५० सालची आहे. भारताचा पुरुष संघ ऑलिंपिकमध्ये एकदाच, १९८० साली मॉस्को येथे, खेळला.

महाराष्ट्रात या खेळाची ठळक परंपरा मुंबईच्या नागपाडा भागात आढळते. तेथील दाट वस्तीतल्या मैदानांतून अनेक राष्ट्रीय खेळाडू घडले. भारतीय संघाचे कर्णधार आणि १९७० सालच्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुन्तसिर हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नाव. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले आहे. वस्तीतल्या मैदानाचे एक वैशिष्ट्य प्रशिक्षणाच्या दृष्टीने लक्षणीय आहे: तेथे लहान-मोठे, उंच-ठेंगणे सारे एकत्र खेळतात आणि हरणारा संघ बाहेर बसतो. बारा वर्षांच्या मुलाला अठरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून चेंडू टाकता येत नाही. त्याला दुसरी वाट शोधावीच लागते. ही वाट त्याला कोणी फळ्यावर काढून दाखविलेली नसते.

निर्णय कसा घडतो

बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते आणि त्यात दहा खेळाडू असतात. आक्रमण करणाऱ्या संघास २४ सेकंदांत रिंगच्या दिशेने शॉट घ्यावा लागतो व त्यांपैकी पहिल्या ८ सेकंदांत अर्धे मैदान ओलांडावे लागते. चेंडू धरून उभ्या असलेल्या खेळाडूला बचावपटूने जवळून अडविले असेल, तर ५ सेकंदांच्या आत पास, शॉट किंवा ड्रिबल करणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात मिळणारा अवधी याहूनही कमी असतो. मोकळा सहकारी दिसला आणि एक टप्पा अधिक घेतला, एवढ्यात तो मोकळा राहत नाही.

एवढ्या अल्प वेळात खेळाडू सर्व पर्याय मनात मांडून त्यांची तुलना करीत नाही. तो काही मोजक्या खुणा पाहतो आणि त्या खुणांना प्रतिसाद देतो. अनुभवी व नवखा खेळाडू यांतील मोठा फरक वेगाचा नसून कोठे पाहावे याचा असतो. नवखा चेंडूकडे पाहतो. त्याहून थोडा पुढे गेलेला आपल्या समोरच्या बचावपटूकडे पाहतो. जाणता खेळाडू समोरच्या बचावपटूच्या पलीकडे, मदतीस येऊ शकणाऱ्या दुसऱ्या बचावपटूकडे पाहतो.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. खेळाडू कोपऱ्यात उभा आहे, त्याच्याकडे पास येतो आणि त्याचा बचावपटू दुरून त्याच्या दिशेने धावत येतो. येथे पाहण्याच्या खुणा तीन. बचावपटू अजून दोन-तीन पावले दूर असेल तर शॉट घ्यावा. तो वेगाने जवळ आला असेल, हात वर असतील आणि शरीराचा भार पुढे झुकलेला असेल, तर त्याला थांबता येणार नाही. त्याच्या पुढे आलेल्या पायाच्या बाजूने ड्रिबल करीत रिंगकडे जावे, कारण त्या बाजूस वळण्यासाठी त्याला आधी तो पाय मागे घ्यावा लागतो. तो वेळीच थांबून तोल सावरून उभा राहिला असेल, तर वरचढ स्थिती संपली असे समजून चेंडू पुढे द्यावा. या तिन्हींपैकी कोणतेही एक उत्तर आधीपासून बरोबर नसते. ‘कोपऱ्यात चेंडू मिळाला की शॉट मार’ असे शिकविलेले मूल तिसऱ्या प्रसंगीही शॉटच मारते.

पुढचा प्रसंग यातूनच उद्भवतो. खेळाडू बचावपटूला मागे टाकून रिंगकडे निघाला की दुसरा बचावपटू आपला माणूस सोडून त्याच्या आडवा येतो. त्या क्षणी मैदानावर कोणी तरी मोकळा झालेला असतोच. दोघे एकावर आले म्हणजे उरलेल्या चौघांवर तिघेच राहतात. हे साधे अंकगणित मुलांना लवकर समजते. अवघड असते ते कोण मोकळा झाला हे धावता धावता पाहणे, आणि त्याहून अवघड असते ते स्वतःचा शॉट सोडून देणे. मदत रिंगखालून आली असेल तर रिंगजवळचा सहकारी मोकळा असतो. कोपऱ्यातून आली असेल तर कोपऱ्यातला. बचावात तिसरा खेळाडू त्या मोकळ्याकडे धावला, तर चौथा मोकळा होतो. अशा रीतीने एकाने मिळविलेली वरचढ स्थिती पासांच्या साखळीतून टिकवून ठेवणे, हा सामूहिक प्रसंगावधानाचा गाभा आहे.

चेंडू नसलेल्या चौघांचे कामही तितकेच आहे. बचावपटू पासची वाट अडविण्यासाठी पुढे झुकला की त्याच्या पाठीमागून रिंगकडे धाव घेणे, यास बॅकडोर कट म्हणतात. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्रशिक्षक पीट कॅरिल यांनी आपल्या आक्रमणपद्धतीत या कटला मध्यवर्ती स्थान दिले. १९९६ च्या राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेत त्यांच्या संघाने आदल्या वर्षीच्या विजेत्या यूसीएलएला ४३–४१ असे हरविले, तेव्हा निर्णायक गुण याच कटमधून आले. उंची व उडी यांत आपण कमी आहोत हे जाणणाऱ्या संघाने बचावाच्या उतावळेपणाचाच उपयोग कसा करून घ्यावा, याचे ते आजही उदाहरण म्हणून सांगितले जाते.

ठरीव चाली आणि त्यांची मर्यादा

शालेय संघ बहुधा दोन-तीन ठरीव चाली बसवून स्पर्धेत उतरतात. अमुक खेळाडूने स्क्रीन लावायचा, तमुकाने त्याला वळसा घालून यायचे, पास येथे, शॉट तेथे. चालींचा उपयोग निश्चित आहे. त्यांमुळे पाचही जण एकाच कोपऱ्यात गर्दी करीत नाहीत, कोणी कोठे उभे राहावे हे ठरते आणि नवख्यांची भीती कमी होते. बाजूरेषेवरून चेंडू आत टाकताना किंवा शेवटच्या काही सेकंदांत त्या अपरिहार्यच असतात.

अडचण येते ती प्रतिस्पर्ध्याने चालीचा पहिला पास अडविल्यावर. पाठ केलेला निबंध लिहीत असताना मधले एक वाक्य विसरलेल्या विद्यार्थ्याची जी अवस्था होते, तीच येथे संघाची होते. गाइडमधील निबंध घोकून परीक्षा देणाऱ्याला विषय थोडा बदलून आला तरी लिहिता येत नाही, कारण त्याच्याजवळ वाक्ये असतात, वाक्यरचना नसते. स्क्रीनची चाल पाठ असलेल्या मुलाला स्क्रीन कशासाठी लावतात हे ठाऊक नसेल, तर बचावपटूंनी आपापसांत माणसे बदलताच तो थबकतो आणि प्रशिक्षकाकडे पाहतो. तेवढ्यात चेंडू जातो.

याला एक उत्तर म्हणजे फाटे असलेली चाल. शिकागो बुल्स संघाने प्रशिक्षक फिल जॅक्सन यांच्या मार्गदर्शनाखाली १९९१ ते १९९३ आणि १९९६ ते १९९८ अशी सहा विजेतेपदे मिळविली, ती टेक्स विंटर यांनी विकसित केलेल्या त्रिकोणी आक्रमणपद्धतीच्या आधारे. तीत खेळाडूंच्या उभे राहण्याच्या जागा ठरलेल्या असतात, पुढचा पास मात्र बचाव काय करतो यावर अवलंबून असतो. शालेय पातळीवर ही संपूर्ण पद्धत पेलणारी नाही. तत्त्व तेवढे घेता येते. प्रत्येक चालीबरोबर ‘हे अडले तर काय?’ याची एक-दोन उत्तरे मुलांनाच शोधू द्यावीत.

शालेय स्पर्धांच्या रचनेमुळे मात्र या गोष्टीस अवसर कमी मिळतो. महाराष्ट्रात १४, १७ व १९ वर्षांखालील गटांच्या स्पर्धा जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात. त्यांतील यशाशी शाळेची प्रतिष्ठा निगडित असते आणि दहावी-बारावीच्या परीक्षेतील क्रीडागुणांची सवलतही. अशा वेळी सर्वांत उंच मुलाला रिंगखाली उभे करून प्रत्येक चेंडू त्याच्याकडे टाकणे हा जिल्हा पातळीवर जिंकण्याचा सोपा मार्ग ठरतो. विभागात तितकीच उंच मुले समोर आली की तो मार्ग बंद होतो. त्या वेळी बाकीच्या चौघांनी दोन वर्षांत पास देण्यापलीकडे काही केलेले नसते, आणि उंच मुलाने रिंगकडे तोंड करून खेळायला शिकलेले नसते. उंची लवकर वाढलेला मुलगा पुढे सर्वांत उंच राहीलच असेही नाही. यात सर्वाधिक नुकसान होते ते चेंडूवर हक्क नसलेल्या ठेंगण्या, हुशार मुला-मुलींचे. त्यांतील पुष्कळशी दहावीपूर्वीच मैदान सोडतात.

शास्त्रीय आधार

पुनरावृत्तीविषयीच्या आधुनिक विचारावर सोव्हिएत शरीरशास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांचा मोठा प्रभाव आहे. १९२० च्या दशकात मॉस्कोत त्यांनी हातोडा चालविणाऱ्या कुशल कामगारांच्या हालचालींची छायाचित्रणाद्वारे मोजणी केली. हातोडा प्रत्येक वेळी जवळजवळ त्याच जागी पडत होता, परंतु खांदा, कोपर व मनगट यांच्या हालचाली दर वेळी थोड्या निराळ्या होत्या. यावरून त्यांनी सराव म्हणजे पुनरावृत्तीविना पुनरावृत्ती अशी कल्पना मांडली: पुन्हा पुन्हा करायचे ते प्रश्न सोडविणे, एकच ठरावीक हालचाल नव्हे. एखाद्या लोहाराच्या भट्टीपाशी पाच मिनिटे उभे राहिल्यास हे कोणासही पाहता येईल.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की प्राणी परिसरातील वस्तूंबरोबर त्या वस्तूंनी देऊ केलेल्या कृतीच्या शक्यताही पाहतो. दोन बचावपटूंमधील फट एका खेळाडूस ‘येथून जाता येईल’ असे सांगते, दुसऱ्या हळू खेळाडूस तीच फट बंद दिसते. १९८२ साली इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठातील डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी शाळांसाठी ‘आकलनातून खेळशिक्षण’ या अर्थाची पद्धत मांडली. तीत सोपा केलेला खेळ आधी आणि तंत्र त्याची गरज भासल्यावर, असा क्रम आहे. १९८६ मध्ये कार्ल न्यूवेल यांनी हालचाल ही व्यक्ती, परिसर आणि कार्य या तीन प्रकारच्या मर्यादांतून आकार घेते असे सुचविले. नियम, मैदानाचा आकार किंवा खेळाडूंची संख्या बदलून शिकविण्याच्या आजच्या पद्धतीचा पाया यातच आहे.

शिकविण्याची पद्धती

निर्णय शिकवायचा असेल तर सरावात निर्णय घेण्याजोगे काही असले पाहिजे, म्हणजे समोर बचावपटू हवा. प्लास्टिकच्या शंकूंमधून ड्रिबल करताना शंकू हलत नाही, हात पुढे करीत नाही, फसतही नाही. शंकूंचा सराव हाताला वळण लावतो. डोळ्यांना काही शिकवीत नाही.

आरंभ असमान संख्येने करणे सोयीचे असते. दोन आक्रमक विरुद्ध एक बचावपटू या सरावात वरचढ स्थिती आयतीच मिळालेली असते. एकच प्रश्न उरतो: बचावपटू चेंडूकडे आला तर पास, मागे राहिला तर स्वतः रिंगकडे. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना हे एका तासात जमू लागते. त्यानंतर बचावपटू फसवू लागतो, पुढे येण्याचा आव आणून मागे राहतो, आणि मग आक्रमकालाही वाट पाहायला शिकावे लागते. पुढे तीनास दोन, मग तीनास तीन. तीनास तीन हा शालेय सरावाचा कणा म्हणता येईल, कारण चेंडू असलेला, मदतीस येणारा आणि त्यामुळे मोकळा होणारा ही तिन्ही नाती त्यात आहेत आणि लपायला जागा नाही. पाचास पाचमध्ये दोन मुले सहज संपूर्ण तास चेंडूला स्पर्श न करता काढू शकतात.

समान संख्येच्या खेळातही आरंभ असमान ठेवता येतो. बचावपटूने चेंडू आक्रमकाच्या हातात देऊन एका पावलाच्या अंतराने खेळ सुरू करायचा, किंवा बचावपटूने पाठ करून उभे राहायचे आणि पास झाल्यावरच वळायचे. यामुळे प्रत्येक फेरीत वरचढ स्थिती निर्माण होते आणि तिचे काय करायचे हा प्रश्न दर अर्ध्या मिनिटाला सोडवावा लागतो.

नियम बदलणे हे प्रशिक्षकाचे खरे साधन होय. ड्रिबलला पूर्ण बंदी केली की चेंडू नसलेले खेळाडू हलू लागतात. फक्त दोन टप्प्यांची मुभा दिली की प्रत्येक टप्पा कोठेतरी नेणारा असावा लागतो. पासनंतर लगेच झालेल्या गुणाला दुप्पट मोल दिले की स्वार्थी मूलसुद्धा मान वर करते. नियम एका वेळी एकच बदलावा व त्याचा हेतू प्रशिक्षकाला तरी स्पष्ट असावा. केवळ गंमत म्हणून लावलेले नियम मुलांना नियमातली पळवाट शोधायला शिकवितात. (तेही एक प्रसंगावधानच, परंतु येथे अभिप्रेत नसलेले.)

बोलण्याच्या पद्धतीचा परिणाम मोठा असतो. खेळ चालू असताना बाजूरेषेवरून ‘पास दे’, ‘मार’, ‘मागे फीर’ असे सतत ओरडणारा प्रशिक्षक स्वतः निर्णय घेत असतो आणि मुले ते अमलात आणीत असतात. आवाज पोहोचेपर्यंत संधी निघून गेलेली असते ती वेगळीच. त्याऐवजी फेरी संपल्यावर एकच प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते: ‘तुला काय दिसले?’ ‘तू पास का दिला नाहीस?’ या प्रश्नात आरोप आहे. पहिल्यात माहिती मिळण्याची शक्यता आहे. पुष्कळदा मूल असे काही सांगते की प्रशिक्षकाला बाहेरून ते दिसलेलेच नसते.

चुकीचे निदान

वाया गेलेल्या पासमागे तीन निरनिराळी कारणे असू शकतात. खेळाडूने मोकळा सहकारी पाहिलाच नाही. किंवा पाहिला, पण त्याऐवजी दुसरा पर्याय निवडला. किंवा योग्य पर्याय निवडला, पण चेंडू नीट गेला नाही. गुणफलकावर तिन्हींची नोंद सारखीच होते. उपाय मात्र वेगळे आहेत. पहिल्यास मान वर ठेवून खेळण्याची व पास येण्याआधीच मागे एक नजर टाकण्याची सवय लावावी लागते. दुसऱ्यास तोच प्रसंग वेगवेगळ्या रूपांत पुन्हा द्यावा लागतो. तिसऱ्याला भिंतीवर पास मारण्याचा साधा, जुना सराव पुरतो. तिसऱ्या प्रकारच्या चुकीवर रागावले की मूल पुढच्या वेळी सुरक्षित, निरुपयोगी पास देऊ लागते. योग्य निर्णय व फसलेला पास यासाठी शाबासकी मिळाली पाहिजे, हे अनेक प्रशिक्षकांना पटते पण सामन्यात आठवत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. दोघा बचावपटूंच्या डोक्यावरून मारलेला शॉट रिंगमध्ये गेला म्हणून तो निर्णय चांगला ठरत नाही.

देशी खेळांतील साम्य

महाराष्ट्रातील मुलांना प्रसंगावधान नवे नाही. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या पुढाकाराने १९१४ साली सूत्रबद्ध झाले. त्यात पाठलाग करणाऱ्याला एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही व बसलेल्या खेळाडूंमधून आरपार जाता येत नाही. पळणाऱ्याला मात्र पूर्ण मोकळीक असते. त्यामुळे खो कोणाला मिळणार हे पळणारा पाठलाग करणाऱ्याच्या खांद्यांवरून आणि पावलांवरून ओळखू पाहतो. बॅकडोर कटमध्ये बचावपटूच्या खांद्याकडे पाहायला सांगितले, तर खो-खो खेळलेली मुलगी ते चटकन समजते. आट्यापाट्यांत पाटी अडविणाऱ्याला एका बाजूस झुलवून दुसऱ्या बाजूने निसटणे हे ड्रिबलमधील हुलकावणीचे सख्खे भावंड आहे. कबड्डीत चढाई करणाऱ्याला ३० सेकंदांत केव्हा पुढे जायचे आणि केव्हा परतायचे हे एकट्याने ठरवावे लागते.

कुस्तीतील परिभाषा तर प्रशिक्षकांनी उसनी घ्यावी इतकी नेमकी आहे. प्रत्येक डावाला तोड असते आणि पैलवान दोन्ही एकत्रच शिकतो. खडाखडीत तो प्रतिस्पर्ध्याचा जोर कोणत्या बाजूस आहे हे हातांनी अजमावतो. साताऱ्याच्याच मातीतले, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अपरिचित मॅटवर व अपरिचित नियमांनी लढून सहावे आले आणि चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळविले. डाव मातीतले होते. ते मॅटवर केव्हा चालतात हे नव्याने शिकावे लागले.

पाचगणीची परिस्थिती

सुमारे १३०० मीटर उंचीवरील पाचगणीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून निवासी शाळांची परंपरा आहे आणि या शाळांच्या आवारांत बास्केटबॉलची मैदाने आढळतात. अशा गावी प्रसंगावधानाचे शिक्षण देण्यास काही गोष्टी अनुकूल आहेत. विद्यार्थी शाळेतच राहत असल्याने संध्याकाळचा मोकळा खेळ शक्य असतो, आणि निरनिराळ्या वयांची मुले एकत्र खेळू शकतात. म्हणजे वस्तीतल्या मैदानाचा लाभ येथे वसतिगृह देऊ शकते. संध्याकाळचा सर्व वेळ शिस्तबद्ध सरावाला न देता त्यातील काही मुलांच्या हाती सोपविल्यासच हे घडते.

निरनिराळ्या प्रांतांतून व भाषांतून आलेल्या मुलांमध्ये खुणेची भाषा आधी ठरवावी लागते. मैदानावर एकाच गोष्टीला तीन शब्द असतील तर मदतीची हाक वेळेवर समजत नाही. ‘मदत’, ‘बदल’, ‘माझा’ असे दोन-तीन अक्षरी चार-पाच शब्द सर्वांनी मान्य केले की पुरते. ते कोणत्या भाषेतले असावेत हे मुलांनाच ठरवू द्यावे.

प्रतिकूल बाब म्हणजे पाऊस. जून ते सप्टेंबर उघडे मैदान ओले, शेवाळलेले आणि घसरडे असते, आणि शालेय स्पर्धांची तयारी नेमकी याच सुमारास करावी लागते. ओल्या सिमेंटवर एकदम थांबण्याचा व वळण्याचा सराव घेऊ नये. गुडघे व घोटे यांना त्यात इजा होते. सभागृह किंवा मोठी पडवी मिळाली तर रिंग नसतानाही पुष्कळ करता येते. आठ-दहा पावलांच्या चौकोनात तीनास तीन खेळून ठरावीक संख्येने पास पूर्ण करणे, खुर्चीवर उभ्या असलेल्या सहकाऱ्याच्या हाती चेंडू पोहोचविणे, दोनास एक. ड्रिबलवरील बंदी येथे जागेअभावी आपोआपच येते. हवामानामुळे आत कोंडलेल्या वर्गासाठीच हा खेळ निघाला होता, हे या ठिकाणी आठवते.

मोठ्या वर्गांसाठी वेळेचा हिशेब पाहण्यासारखा आहे. चाळीस मुले आणि दोन रिंगा असतील तर एका रिंगेवर वीस मुले येतात. ती रांगेत उभी राहून एकेक ले-अप मारू लागली व प्रत्येकाला सहा सेकंद लागले, तर तीस मिनिटांत एका मुलाच्या वाट्याला पंधरा वेळा, म्हणजे एकूण दीड मिनिट खेळ येतो. त्याच वीस जणांचे तिघा-तिघांचे सहा संघ केले, उरलेल्या दोघांना आळीपाळीने पंच व गुणलेखक नेमले आणि दोन-दोन मिनिटांचे डाव खेळविले, तर तीस मिनिटांत पंधरा डाव होऊन प्रत्येक संघास पाच डाव, म्हणजे दहा मिनिटे मिळतात. अदलाबदलीचा वेळ वजा केला तरी आठ मिनिटे पदरात पडतात.

आक्षेप

या पद्धतीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की चेंडू नीट पकडता न येणाऱ्या मुलाला निर्णय काय शिकविणार? यात तथ्य आहे. चेंडूकडे पाहिल्याशिवाय ड्रिबल जमत नसेल तर नजर वर जाणारच नाही, त्यामुळे रोजचा थोडा वेळ हाताच्या सरावास द्यावाच लागतो. मात्र लहान मुलांच्या बाबतीत अडचण अनेकदा साधनांची असते. १२ वर्षांखालील मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटर उंचीवर असते आणि चेंडू पाच क्रमांकाचा, लहान असतो. नऊ वर्षांच्या मुलाला सात क्रमांकाचा चेंडू आणि पूर्ण उंचीची रिंग दिली, तर त्याचे सगळे अवधान चेंडू वर पोहोचविण्यातच खर्ची पडते.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे: या रीतीने शिकणारा संघ पहिल्या वर्षी अधिक सामने हरू शकतो. ठरीव चालींचा लाभ लगेच दिसतो, निर्णयक्षमतेचा उशिरा. मुख्याध्यापक आणि पालक यांना हे हंगामाच्या आरंभीच सांगून ठेवले नाही, तर हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक बदलला जातो किंवा तो स्वतःच पुन्हा बाजूरेषेवरून ओरडू लागतो.

थ्री बाय थ्री

अर्ध्या मैदानावर, एकाच रिंगेवर, तीन-तीन खेळाडूंनी खेळण्याचा थ्री बाय थ्री हा प्रकार टोकियो ऑलिंपिकपासून, म्हणजे २०२१ मध्ये भरलेल्या त्या स्पर्धेपासून, ऑलिंपिकमध्ये समाविष्ट झाला. सामना दहा मिनिटांचा असतो किंवा त्याआधी २१ गुण करणारा संघ जिंकतो. शॉटसाठी १२ सेकंद मिळतात. गुण झाल्यावर खेळ थांबत नाही: ज्या संघावर गुण झाला तो रिंगखालून चेंडू उचलून कमानीबाहेर नेतो आणि आक्रमण सुरू करतो. बचावाचे आक्रमण व आक्रमणाचा बचाव होण्यास एखाद-दुसरा सेकंदच लागतो.

शालेय प्रशिक्षणाच्या दृष्टीने यातील सर्वांत बोलका नियम प्रशिक्षकाविषयीचा आहे. सामना चालू असताना प्रशिक्षकास मैदानावर थांबता येत नाही आणि प्रेक्षकांत बसून सूचनाही देता येत नाहीत. संघ चौघांचा असतो, तिघे मैदानावर व एक राखीव. बदली केव्हा करायची हे तेच ठरवितात. प्रत्येक संघाला ३० सेकंदांचा एक विराम मिळतो आणि तोही खेळाडूंनीच मागायचा असतो.